सुटे

दर गुरुवारी साडेपाचला मी फेरीधक्क्यामागचा हॉल उघडते.
भाडं एकशे चाळीस डॉलर, हीटरचे वेगळे.
कॉफीचा पिंप, चौदा टेबलं, अठ्ठावीस खुर्च्या
आणि गल्ला म्हणून बिस्किटांचा डबा,
झाकणावर मेंढ्या.

डार्टमथसारख्या गावात असलं काही चालेल
असं बँकेतल्या बाईंना वाटलं नव्हतं.
'व्यवसायाचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं: खुर्च्या मांडणे.
त्यांनी ते खोडून लिहिलं: मनोरंजन.

लोक येतात.
वेंडेल पायपुसण्यावर बूट तीनदा घासतो, बर्फ नसला तरी.
थेल्मा नावाची चिकटपट्टी कोटाच्या आत लावते,
कोट काढायचा ठरलं तरच नाव दिसावं म्हणून.
कुणीतरी विचारतंच, पन्नासचे सुटे आहेत?
मी म्हणते, इथे सगळे सुटेच.
विनोद सहा वर्षांचा झाला.
अजून निम्मे हसतात,
हसलेल्यांना मी पुढच्या टेबलांवर बसवते.

बायका नेहमी जास्त.
पुरुष फोनवर हो म्हणतात आणि पार्किंगमधून परत जातात.
खिडकीतून गाडीचे दिवे दिसतात,
लागतात, विझतात, पुन्हा लागतात.
एकदा मी कप घेऊन बाहेरच गेले.
काच खाली झाली. आर्चीनं कप दोन्ही हातांनी धरला,
म्हणाला, पुढच्या गुरुवारी नक्की.
कप अजून त्याच्याकडेच आहे.

दर आठ मिनिटांनी घंटा, मोडीत निघालेल्या बोटीवरची.
आठ मिनिटांत कुणी अख्खा घटस्फोट सांगून टाकतं,
कुणी फक्त कुत्र्याचं नाव.

आतापर्यंत तीन लग्नं जमली.
म्हणजे सहा गिऱ्हाइकं गेली.
त्यातल्या एका लग्नाला मला बोलावणं होतं,
जेवणाच्या टेबलावर माझ्या नावाची चिठ्ठी,
शेजारच्या खुर्चीपुढे दुसरी: 'आणि सोबत'.
सोबतीच्या खुर्चीवर मी पर्स ठेवली.

या देशात पेनी बंद होऊन बरीच वर्षं झाली.
रोख बिल पाचाच्या पटीत गोल करतात,
वरचा एखादा सेंट कुठे जातो, कुणी विचारत नाही.
माझ्या डब्याच्या तळाशी एकोणीस पेनी आहेत.
बँक घेते म्हणतात, पण गुंडाळी पन्नासाची लागते.

लिओनार्ड कोमो सगळी फी नाण्यांत देतो,
मोजून, माझ्यासमोर.
संपल्यावर थांबतो, खुर्च्या घडी करून भिंतीला लावतो.
मी एकदा म्हटलं, तू मदत करतोस, पैसे नकोत.
त्यानं डबा माझ्याकडे परत सरकवला.
फुकट आलो, तर मी कामाला आलो असं होईल, म्हणाला.
कामाला जायला मला दुसऱ्या जागा आहेत.

गेल्या गुरुवारी धुकं. फेऱ्या बंद.
पाच जण आले, त्यात वेंडेलचे बूट धरले तर सहा,
असं थेल्मा म्हणाली, आणि कोट काढून टांगला.
संख्या विषम आली की मी बसते.
चिकटपट्टी लावत नाही. काय आवडतं विचारलं
तर सांगते: वेळेवर येणारी माणसं.

तिसऱ्या फेरीत समोर लिओनार्ड.
त्यानं हॉलचं भाडं विचारलं. मी सांगितलं.
त्यानं मनात काहीतरी गुणलं, ओठ हलले,
म्हणाला, मग तुला काहीच उरत नसणार.
मी म्हटलं, उरतं.
किती, ते त्यानं विचारलं नाही.
बघत राहिला, घाई नसलेल्या माणसासारखा.

घंटा माझ्याच हाताशी होती.
सातव्या मिनिटाला मी ती वाजवली.

रात्री त्यानं खुर्च्या नेहमीसारख्या आवरल्या,
सत्तावीस.
एक खिडकीजवळ तशीच राहिली, उघडी.
चुकून की कसं, मी विचारलं नाही,
दिवे मालवले, हीटरचे पैसे पाकिटात घातले.
शुक्रवारी सकाळी तिथे बायकांचा योगवर्ग असतो.
त्यांनी हलवली असेल.