सोबत जोडले : दोरी एक

तासगावच्या कचेरीबाहेर, कडुलिंबाखाली माझं टेबल.
चार आण्याला साधा अर्ज, सहा आण्याला भानगडीचा.
तो आला तेव्हा ‘तालुका तासगाव, जिल्हा दक्षिण सातारा’
एवढं लिहून तयार होतं.
ते सगळ्यांचं सारखंच असतं.

नाव?
तो माझ्या ओठांकडं बघत राहिला.
नाव? मी आवाज चढवला.
“ऐकू येतंय वो.
ऐकू येतंय ह्ये दाखवायची सवय ऱ्हायली न्हाई.”

तातोबा बाळू शिरतोडे, रामोशी, येरळेकाठचा.
लढाईत ब्रह्मदेशात.
पलटण कुठली?
“पलटण नदीच्या अल्याड. मी पल्याड, एकटा.”
मग शेंगा फोडाव्यात तसं
एकेक वाक्य टेबलावर टाकू लागला.

जपान्यांच्या तळावर तो भांडी घाशी,
मुका म्हणून, बहिरा म्हणून.
जीभ मराठी; त्या मुलखात ती उघडणं म्हणजे
काळोख्या रानात चूड पेटवणं.
त्याला बोलवायचं तर पाठीवर खडा मारायचे.
अकरा महिने.
दिवसा मोजायचं, रात्री दोरीला गाठ मारायची :
खेचराला साधी, तोफेला दुहेरी, होडीला गाठीत गाठ.
अवसेला नदी पोहून एक माणूस यायचा,
जुनी दोरी न्यायचा, कोरी द्यायचा.
त्याचंही नाव याला ठाऊक नाही.

भीती कशाची वाटायची?
“झोपंची. झोपंत माणूस आईच्या भाषेत बोलतं.”
म्हणून तोंडात चिंधी कोंबून निजायचा.
अजून निजतो.
बायको शेजारणींना सांगते, धन्याचे दात दुखतात.

एकदा त्यांना संशय आला.
हा पातेलं घासत बसलेला,
मागून येऊन एका अंमलदारानं
कानाशी पिस्तूल उडवलं.
हात फिरत होता तसाच फिरत राहिला.
राख, काथ्या, राख.

मी टाक खाली ठेवला. कसं जमलं?
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
“त्यात काय? रोज सांजंला चावडीवर आमची हजेरी.
फौजदार मागनं काठी आपटायचा.
दचकला त्यो चोर.
पाचव्या वर्षी आईनं शिकिवलं, पाठ दगडाची कर.”

निवडताना साहेबानंही हेच विचारलं म्हणे :
रामोशी ना? रात्रीचं चालता येत असेल.
ज्या गुणापायी गावात नाव चोपडीत घातलं
त्याच गुणापायी तिकडं चोपडीतून काढलं.

रकाना पाचवा : पुरावा.
बंडीतून त्यानं दोरी काढली,
हातभर, घामानं काळी पडलेली.
“ही शेवटची. न्यायला कुणी आलं न्हाई.”
मी मोजल्या : सतरा खेचरं, चार तोफा, दोन होड्या.
आणि टोकाला एक गाठ, कशातच न बसणारी,
ओली असताना आवळलेली.
नख शिरेना.
ही कशाची?
तो माझ्या ओठांकडं बघत राहिला.
पुन्हा विचारलं.
लिंबाची काडी टेबलावर पडली होती,
ती त्यानं उचलून बाजूला ठेवली, एवढंच.

मी लिहिलं : सोबत जोडले, दोरी एक.
ती ओळ त्यानं वाचून घेतली
आणि खोडायला लावली.
दोरी परत बंडीत गेली.
अर्ज तसाच गेला आणि श्रावणात तसाच परत आला,
वर तांबड्या शाईत दोन शब्द.

पण ते नंतरचं.
त्या दिवशी आठ आणे ठेवून तो उठला, दोन आणे विसरला.
मी हाक मारली, तातोबा!
अहो शिरतोडे!
मिरच्यांच्या पोत्यांमधून तो चालत राहिला,
चार माणसं वळून बघत होती, तो सोडून.
कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला खडा
माझ्या हातात आला होता.
कधी उचलला, कळलं नाही.

परत ठेवला.
चहावाल्याच्या पोराला दोन आणे देऊन म्हटलं, पळ,
आणि समोरून जा.