छेद

एकतीस बसले, एकोणीस पास.
दुपारी एकला कळलं, दीडला मीच दारातल्या फळ्यावर लिहिलं:
६१.२९.
टिंबापुढचे दोन आकडे
उगाचच सुबक काढले.

नाक्यावर, शेणव्याकडे वळताना,
इंग्रजी शाळेचा फ्लेक्स चढतही होता,
शंभर टक्के, खाली गोल चौकटींत चेहरे.
बांबूला दोरी आवळणारा पोरगा आमचाच, मागच्या बॅचचा.
वरून ओरडला, "सर, सरळ दिसतंय का?"
म्हटलं, डावीकडे जरा उचल.

आठवीअखेर जे जड वाटतात
त्यांचे दाखले ते पालकांच्या हातावर ठेवतात.
मग ती पोरं आमच्याकडे येतात.
यशोदीप हरड आला तसा,
टाय दप्तरात घडी करून.
वर्गसमीकरण म्हटलं की खिडकीबाहेर बघायचा,
पण शाळेचा बंद पडलेला पंप त्यानेच सुरू केला
आणि कुणाला सांगितलं नाही.
एकोणिसांत आहे तो. बेचाळीस टक्के.
बापाने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.
"आठ वर्षं फी भरली तिकडं, सर."
एवढंच. मग पेढा घ्या म्हणाला.

तीनला विस्तार अधिकाऱ्यांचा फोन.
"किन्हवलीचा निकाल का घसरला? कारण कळवा. एका ओळीत."
मला पाचवीच्या फळ्यावरची ओळ आठवली:
रेघेच्या वर अंश, रेघेखाली छेद.
अंश वाढत नसेल तर छेद कमी करा,
अपूर्णांक आपोआप मोठा होतो.
नियम चोख आहे.
आम्हाला तेवढा जमला नाही.
लिहिलं: गणित व इंग्रजीत अधिक मार्गदर्शनाची गरज.
प्रभारी मुख्याध्यापक. सही. शिक्का.

नोंदणी तेहतिसांची होती.
दोघं बसलेच नाहीत, म्हणून ते नापासही नाहीत.
फळ्यावरच्या त्या आकड्यात
ते रेघेवर नाहीत, रेघेखाली नाहीत.
रोहिदास वाख भिवंडीच्या गोदामात खोक्यांना पट्टी मारतो.
सुमन मुकणे दिवाळीनंतर भट्टीवर गेली, खारबावच्या अंगाला.
फेब्रुवारीत मी मोटारसायकल काढून गेलो होतो तिच्यासाठी.
विटा मोजता मोजता तिने मला हातानेच थांबवलं,
हजार पुरे केले, कोळशाने रेघ ओढली,
मग म्हणाली, "बोला सर."
वाटेत जुळवलेलं सगळं
तिथल्या धुरात विसरलो.
परीक्षा एक तारखेला आहे, एवढं म्हणालो.
तिने मान हलवली. नवी रांग सुरू केली.

आज आली ती, पाचच्या सुमाराला.
फळ्यासमोर बराच वेळ उभी.
बसले असते तर, असं विचारेल म्हणून
मी आतल्या आत उत्तर जुळवत होतो.
दारात येऊन म्हणाली,
"माझं हॉलतिकीट हाय का अजून?
त्याच्यावरचा फोटो बरा आलेला."

खालच्या ड्रॉवरमध्ये होतं,
फोटोच्या गालावर शाळेचा निम्मा शिक्का.
मी कात्री शोधायला लागलो.

"कापू नका सर," ती म्हणाली.
"अख्खं द्या.
नंबरासकट."