ळ

ओळखपत्रावर लिहिलंय तसं वाचलं
तर होतं नियाम.
गेटवरचा वॉचमन सरळ नियम मॅडम म्हणायचा.
खरा उच्चार नीव.
नीव हेगर्टी, निर्माती, रात्रीचं बातमीपत्र.
"आमच्याकडे अर्धी अक्षरं
नुसती हजेरीला येतात," म्हणाली पहिल्याच दिवशी.

मनामात मी संकलक. देवरुखचा. घोसाळकर.
तिच्या तोंडी घोसालकर.
बारा वर्षं दुरुस्त केलं नाही.
पगार बरोबर नावावर येत होता.

ऑगस्टात कॅमेरा एसीतून बाहेर काढला
की काचेवर वाफ धरते.
पुसून जात नाही. थांबायचं वीस मिनिटं,
काच बाहेरच्या हवेइतकी तापेपर्यंत.
बाकीचे सिगारेटी ओढत.
ती उलट्या बादलीवर, गाडीच्या सावलीत, बोलत बसे.
तिची कारकीर्द मला अशीच कळली,
वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, क्रम नसलेली:
डब्लिनमधला टीव्ही,
बेलफास्टात भिंतीला पाठ लावून केलेलं थेट प्रक्षेपण,
एक नवरा, दोन बुलेटिनांच्या मधे कुठेतरी सुटलेला,
आणि सगळ्यांच्या आधी मेयोतलं चिमुकलं रेडिओ केंद्र.
वय एकोणीस. काम एकच:
नऊच्या बातम्यांनंतर मयतांची नावं वाचणं.
अमक्या गावची अमकी, माहेरची तमकी,
अंत्यविधी इतक्या वाजता, फुलं पाठवू नयेत.
तेवढा वेळ म्हणे अख्ख्या पंचक्रोशीत
कपातला चमचा हलत नसे.
एकदा एका म्हाताऱ्याचं आडनाव चुकलं.
दुपारी त्याची बायको सायकलवरून केंद्रात आली.
ओरडली नाही.
म्हणाली, पुन्हा वाच.

मग कारखान्यांच्या बाजूला
कामगारांच्या खोल्यांना आग लागली.
वरून मजकूर आला: नऊ आशियाई मजूर.
तिने यादी मिळवली, मल्याळी नर्सकडून,
औषधाच्या बिलामागे लिहिलेली.
पंचेचाळीस सेकंद मागितले.
मिळाले नाहीत. त्या जागी पुलाचं उद्घाटन गेलं,
कात्रीसकट.

रात्री एक वाजता म्हणाली, टेप लाव.
पोचय्या. रफीकुल. अक्कुलप्पा.
कॅन्टीनच्या पोराला विचारून बंगाली नावं घोटली होती.
सातवं: धोंडू मिसाळ, तालुका पाटण.
मिसाल, म्हणाली.
काचेपलीकडून मी मान हलवली.
मिसार. मिसाड.
जीभ मागे वळवा, टाळूला टेकवा, सोडून द्या.
मिसाल.
आवाज नको म्हणून एसी बंद. कपाळावरून घाम
कागदावर, नर्सच्या अक्षरावर.
कितव्यांदा कोण जाणे, ळ आला.
खडबडीत, भलत्याच मुलखातला,
पण ळ.
मग पहिल्यापासून वाचलं सगळं. नऊ नावं, गावांसकट,
प्रत्येकापुढे एक श्वास जागा सोडून.

मला वाटलं, आता बाई राजीनामा देणार.
नाही दिला.
दुसऱ्या दिवशी पुलाची वाहतूक कशी सुरळीत,
तीन मिनिटं, चोख.
आणि असंच पुढे सहा वर्षं.
मीही दिला नाही, हे इथेच सांगून टाकतो.

निरोपाला तिच्या एकतीस वर्षांची चार मिनिटांची फिल्म केली.
मीच जोडली. निवडणुका, युद्धं, चकचकीत पुरस्कार.
ती टेप घातली नाही. तिनेही विचारलं नाही.
दिवे लागल्यावर जवळ आली,
"चांगलं कापलंस, घोसाळकर."
बरोबर.
मी इतका दचकलो की आभार मानायचे राहिले.

पुढे सगळं डिजिटल झालं, टेपा भंगारात.
एक मी टॉवेलात गुंडाळून आणली.
ती आता देवरुखात, सातबाऱ्याच्या कागदांशेजारी.
वाजवायला यंत्र नाही, चिपळूणपर्यंत चौकशी केली.
बुरशी धरू नये म्हणून मे महिन्यात बाहेर काढतो,
उन्हात नाही, पडवीच्या सावलीत,
हवा लागेपुरती.