टिंब

इग्नेशियस रेडहेडची सगळी कारकीर्द
माझ्या हाताखालून गेली.
मी गुणलेखक. शिसपेन्सिल, दोरीला बांधलेलं खोडरबर.
प्रथम श्रेणीचे अकरा सामने, एकोणतीस बळी,
त्यातले सात एकाच दुपारी, डॉमिनिकात,
खेळपट्टी भेगाळली तेव्हा.
बाकी बहुतेक टिंबं.

धाव नाही, बळी नाही, की टिंब द्यायचं.
सहा टिंबं ओळीनं आली की रेघेनं जोडून
त्यांचा एम करायचा. निर्धाव.
त्याच्या षटकांचे एम मी इतके काढले
की स्वप्नात डोंगर दिसायचे,
लहान मुलानं काढल्यासारखे, पण सूर्य नसलेले.

आता तो ग्वाव्हच्या जायफळांच्या गोदामात असतो.
पिंपातल्या पाण्यात जायफळं सोडतात:
तरंगलं ते पोकळ, बुडालं ते खरं.
बाया निवडतात, हा पोती शिवतो.
डाव्या तर्जनीच्या पेराला चेंडूच्या शिवणीनं पाडलेला घट्टा
तीस वर्षांत गेला नाही.
जायपत्रीनं लालसर दिसतो, एवढंच.

परवा पेन्शनच्या कागदावर त्याची सही हवी होती, म्हणून गेलो.
सुई ओढता ओढता, वर न बघता म्हणाला,
"ब्रिजटाऊन. जेवणानंतरचं दुसरं षटक. चौथा चेंडू."
वही वादळात गेली, पॅव्हेलियनच्या छपरासकट.
पण मला पाठ आहे.
"टिंब," मी म्हणालो.

लेग स्टंपवर टप्पा. फलंदाज नऊवर.
चेंडू वळला, बॅटची बाहेरची कड घेतली,
स्लिपमध्ये कर्णधाराच्या तळव्यात गेला
आणि तिथून गवतात.
"छान टाकलास, इग्गी," कर्णधारानं टाळ्या वाजवल्या.
फलंदाजानं पुढे एकशे चौऱ्याऐंशी केल्या.
पुढच्या दौऱ्याच्या यादीत इग्गी नव्हता.
सुटलेल्या झेलाला वहीत खूण नाही.

"टिंबच," तो म्हणाला. हसला; पुढचे दोन दात नाहीत.
मग ढिगातलं एक जायफळ उचललं.
उठला नाही की पावलं टाकली नाहीत,
नुसतं मनगट.
जायफळ फळीवर पडलं, माझ्याकडे येता येता
भलतीकडेच फुटलं,
मी हात घातला तोवर
पोत्यांमागे गडगडत गेलं.

आम्ही दोघं वाकून शोधत होतो.
घंटा झाली, बाया डबे उचलून निघाल्या.
एकीनं विचारलं, काय हरवलं?
तो म्हणाला, याला विचार,
हा लिहून ठेवतो.