परिशिष्ट

शेवटची बस बातिनाच्या हमरस्त्याला लागली
की माझी दुसरी शाळा भरते.
खुर्ची तीच, सुपरवायझरची.
फक्त रविवारच्या बदली तासांचा कागद उलटा करते
आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिते : प्रकरण चौथे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट.
आईनं फोनवर विचारलं, "म्हणजे आता सुया टोचणार?"
नाही गं. शाळा कशी चालवावी, त्याची.
"मग वीस वर्षं काय करत होतीस?"

विषय : सोहारपासून सूरपर्यंत
आपल्या शाळांतून शिक्षक का निघून जातात.
'मला वरिष्ठांचा आधार वाटतो.'
एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे.
अडतीसपैकी एकोणतीस जणांनी तीनवर खूण केलीय.
तीन म्हणजे व्हिसा.
तीन म्हणजे घरभाडं, धाकट्याची फी.
तीन म्हणजे, केळुसकर मॅडम,
तुम्हीच वाचणार ना हे?

मार्गदर्शक पडद्यावरून म्हणाले,
"जे राहिले त्यांना विचारलंत. जे गेले ते कुठे आहेत?"
जे गेले त्यांचे नंबर लागत नाहीत.
इथलं सिमकार्ड विमानतळाच्या कचरापेटीपर्यंतच जगतं.

सहा वाजता फाटकाशी आले.
खमीस पाणी घालत होता.
केबिनमागे, टाकीच्या सावलीत,
निडोच्या डब्यांची रांग. तेरा वर्षं मी इथून जाते-येते.
"हा कढीलिंब बिंदू मिसचा. फिजिक्स.
कोरफड इक्बालसरांची.
ही वेल..."
नाव मला आठवेना. त्याला आठवलं.
"रोझलिन. केजी टू. मार्चमध्ये गेली. रडली नाही."

झाड विमानात घेत नाहीत.
"राजीनामा तुमच्याकडे नंतर येतो, मॅडम," तो म्हणाला,
"झाड आधी माझ्याकडे येतं."

सतरा डबे. परत मोजले, सतराच.
प्रत्येकावर खिळ्यानं कोरलेली तारीख, अरबी आकड्यांत.
बिंदूची तारीख तिच्या अर्जाच्या
चाळीस दिवस आधीची.
त्या चाळीस दिवसांत मी तिला
दोनदा जादा तास दिले होते,
आणि एकदा, सगळ्यांसमोर, वहीवरून बोलले होते.

डायरीत लिहिलं : परिशिष्ट ड.
मग खोडलं.
संमतीपत्रावर सही कुणाची घेणार, कढीलिंबाची?

माझ्या खिडकीत ओव्याचं रोप आहे.
आणि मेलमध्ये दोह्याचं पत्र :
पदवी हातात आली की प्राचार्यपद.
नवऱ्यालासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

आज पानं मलूल दिसली
म्हणून कुंडी बाहेर घेऊन आले, जरा वारा लागू दे म्हणून, इतकंच.
खमीसनं पाहिलं.
उठला, एक रिकामा डबा नळाखाली धरला,
तळाशी चिकटलेली दुधाची पूड
बोटानं खरवडू लागला.

"अजून नाही," मी म्हणाले.

तो काही बोलला नाही.
डबा झटकला,
आणि रांगेच्या टोकाला
उपडा वाळत ठेवला.