दोन बोटं जागा

उद्यमबागेत मलगोंडाच्या लेथ-शॉपवर
पत्र्याची एक खोली आहे.
खाली दिवसभर बीडाचा कीस पडतो,
वर आम्ही तिघं
शाळांसाठी एक अख्खी प्रणाली जुळवत बसतो.
कर्नल आणलेला, पॅकेजं आणलेली,
सगळं उसनं, आणि त्याची लाज कुणालाच नाही.
आमचं म्हणावं असं फक्त नाव होतं:
मार्कंडेय, नदीवरून.

मग ह्या एकाच गोष्टीचा हट्ट कशाला,
मलगोंडा विचारतो, चहाची किटली वर आणताना.
डेस्कटॉप आहेत की रे दहा-बारा, फुकटात.
एक घ्यायचा, रंग बदलायचा, मोकळं व्हायचं.

घेतला होता.
चार वर्षं राहिलो त्यात, भाडेकरूसारखे.
खिळा ठोकायचा तर विचारून.
दर सहा महिन्यांनी मालक भिंती हलवायचे
आणि आमचे एकशे सव्वीस पॅच
शिवलीला पुन्हा पहिल्यापासून डकवायची.
पोतं केव्हाच संपलं होतं,
ठिगळांनाच ठिगळं लागत होती.

तरी तेही चाललं असतं.

जांबोटीच्या अंगाला एका आवारात दोन शाळा आहेत,
कन्नड सकाळी, मराठी दुपारी.
संगणक तेच आठ, माऊसही तेच,
एकाचं चाक गेलेलं.
दुपारच्या वर्गात चौथीतली एक मुलगी
पडद्यावरची पट्टी वाचत होती: खळ.
बाईंनी विचारलं, खळ म्हणजे काय गं?
ती म्हणाली, वही चिकटवायची.
पट्टीची उंची ठरलेली होती.
खेळाच्या डोक्यावरची मात्रा
काठाला कापली जात होती.

सकाळी तिथेच उलटं.
कन्नडात चित्र लिहिलं की र खाली लोंबतो,
तो पट्टीखाली जायचा,
आणि चित्र, आखाड्यात पडल्यासारखं,
नुसतं चित.

आम्ही बनवणाऱ्यांना कळवलं.
उत्तर सभ्य होतं.
उंची विचारपूर्वक ठरवली आहे,
बहुसंख्यांना अडचण नाही.
बहुसंख्य.
हा शब्द आमच्या भागात
दोन्ही भाषांतून ऐकलाय,
बसच्या पाटीखाली, तलाठ्याच्या खिडकीशी.
शिवलीलानं ते उत्तर दोनदा वाचलं,
म्हणाली, साकु,
आणि एक कोरी फाईल उघडली.

शहाणपणाचं नाहीच हे.
तीन माणसं, त्यातलं एक शनिवारीच येणारं.
उद्या मी पडलो आजारी
तर घड्याळाचा कोड कुणाला उलगडायचा?
आवाजाचं बटण अजून उलटं चालतं.
हेस्कॉमची वीज गेली की
अर्धी रात्र वाया, आणि अंधारात मला वाटतं
आपण चाक पुन्हा शोधतोय,
तेही चौकोनी.

एकदा मीच मलगोंडाला उलट विचारलं:
बाजारात इतके वाइस मिळतात,
तू फिक्स्चर घरचं का बनवतोस?
तो कास्टिंग उचलून दाखवत म्हणाला,
जॉब वाकडा आहे की.
सरळ जबड्यात धरला तर
एक तर निसटतो, नाहीतर चिरतो.
मग त्यालाच कळलं आपण काय बोललो,
आणि चहा ओतायला लागला.

पट्टी आता थोडी जाड आहे.
वर एक बोट, खाली एक बोट.
दिसायला बेंगरूळ,
संकेश्वरच्या एका सरांनी तसं तोंडावर सांगितलं.
वरच्या बोटात आमची वेलांटी बसते,
खालच्यात त्यांचा जोडाक्षराचा पाय,
आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

परवा आठही यंत्रांवर चढवून आलो.
ती मुलगी पाचवीत गेली होती.
तिच्या जागेवर दुसरीच कुणी,
तिनं खेळ वाचलं, दाबलं,
आणि माझ्याकडे न बघता खेळायला लागली.
आवाजाचं बटण मात्र उलटं आहे,
हे तिला दुसऱ्या मिनिटाला सापडलं.