गुलीबाई जाम

धरणगावात, जिनिंगच्या मागच्या खोलीत,
जिथे कीबोर्डच्या फटीतूनही सरकी निघते,
शनिवारी दुपारी दोन बायका माझ्या टेबलापुढे येऊन थांबल्या.
दोघींत मिळून एकच पाकीट.

यादीत दोघी होत्या. ओळ चौदा, ओळ एकतीस.
दोन्हीकडे: गुलीबाई जाम.
इथवरच. पुढे भिंत.

दगडू मुकादम म्हणाला, "ताई, तुमनं मशीन नाव खाई ऱ्हायनं."

मशीन खात नाही, अण्णा.
नाव लांब असलं की सांडतं शेजारच्या रकान्यात,
शेजार रिकामा असेपर्यंत.
बंद घराच्या ओट्यावर आपण कापसाची गाठोडी टेकवतो,
कोणी हटकत नाही, तसंच.
या महिन्यात शेजारी खातेनंबर राहायला आले.

त्यांची तऱ्हा आणखी वेगळी.
काहींची पुढची शून्यं गळाली, पिकल्या लिंबोळ्यांसारखी;
काही आखडून बसले: तीन पॉइंट दोन, मग ई, मग अधिक दहा.
शेठ विचारतात, हा ई कोण? कुठल्या टोळीतला?
मजुरीच्या रकान्यात तर नुसती फुल्यांची काटेरी तार.
आकडा शाबूत आहे, मी म्हटलं, जागा अपुरी आहे.
आकड्याला नावासारखं सांडता येत नाही,
तो आतून कडी लावून घेतो.

मी ओळ चौदावर गेले.
वरच्या पट्टीत नाव उगवलं, अख्खं:
गुलीबाई जामसिंग पावरा, वैजापूर.
ओळ एकतीस:
गुलीबाई जामल्या बारेला, उमर्टी.
आत सगळं होतं. कधीपासून होतं.
पण प्रिंटर आत डोकावत नाही,
आणि कॅशियर बोंडे प्रिंटरच्या पुढे.

म्हणून नऊ दिवसांची मजुरी
पाच दिवसवालीच्या हातात गेली.
तिनेच आणून दिली परत.
मोजता येत नाही तिला.
म्हणाली, हे माझं नाही, जड लागतंय.

मग मी रकान्याची कड धरून ओढली.
नावं मोकळी झाली,
पण सहीची जागा दुसऱ्या पानावर जाऊन पडली.
शेठ आतून: कागद फुकट येतो का?
मग एकाच रकान्यात नाव दुमडलं,
वरच्या मजल्यावर गुलीबाई, खाली जामसिंग.
खालचा दिसेना.
ओळीची उंची झिपरूभाऊ पक्की करून गेलेले,
माझ्या आधीचे ऑपरेटर.
त्यांच्या वेळच्या याद्या अजून आहेत त्या फोल्डरात,
कुठल्याशा जुन्या फॉन्टातल्या;
या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा भुगा.
त्या साली इथे कोण कोण राबलं
ते एका फॉन्टाला ठाऊक, आणि तो आता मिळत नाही.

उंची सोडवली. शून्यांना मागे बोलावलं,
आकड्याआधी एकच तिरकी टिंब ठेवून:
समज, हा आकडा नाही, मजकूर आहे.
पान आडवं केलं. पुन्हा छापलं.

चौदा नंबरची गुलीबाई वाकली.
अक्षर येत नाही तिला.
आधीच्या कागदावर बोट ठेवलं, मग नव्यावर,
दोन्ही नावं बोटाच्या पेरांनी मोजली.
"एवढं लांब?"
"एवढं."
काही बोलली नाही. पदर सारखा केला.

शाईच्या पॅडवर अंगठा दाबून
तिने तो यादीवर टेकवला,
रुईच्या तुसाचा एक धागा त्यात चिकटला.
ठसा रकान्यात मावला नाही.
वरच्या तेरा नंबरच्या रघो कोळ्याच्या सहीवर चढला,
खाली पंधराच्या कोऱ्या जागेत उतरला.
बोंडे म्हणाले, दुसरी प्रिंट काढा.
मी कागद पंख्याखाली धरला,
शाई वाळेपर्यंत.